संस्थेचे डिजिटल ट्विन

संस्थेचे डिजिटल ट्विन म्हणजे एखाद्या संस्थेच्या कामकाजाचे संगणकावर चालणारे प्रतिमान होय. कंपनी, रुग्णालय, बंदर, महापालिका, शासकीय विभाग अशा कोणत्याही संस्थेचे ते असू शकते. प्रत्यक्ष संस्थेतून येणाऱ्या विदेच्या (डेटा) आधारे हे प्रतिमान अद्ययावत ठेवले जाते आणि एखादा निर्णय अमलात आणण्यापूर्वी त्याचे संभाव्य परिणाम त्यावर पडताळून पाहिले जातात. मराठीत त्यास अंकीय जुळे असे म्हणता येईल. मात्र हा शब्द काहीसा फसवा आहे. जुळी भावंडे जन्मानंतर आपापल्या वाटेने जातात. डिजिटल ट्विनचा मूळ वस्तूशी असलेला संबंध तुटला की ते निरुपयोगी ठरते.

ही कल्पना आधी यंत्रांच्या बाबतीत रुजली आणि नंतर संस्थांकडे वळली. या प्रवासात तिचे स्वरूप बरेच बदलले. यंत्राचे वर्तन भौतिक नियमांनी बांधलेले असते. संस्थेचे वर्तन नियम, सवयी, हितसंबंध आणि माणसांच्या प्रतिक्रिया यांतून घडते. शिवाय आपले प्रतिमान तयार झाले आहे हे यंत्राला ठाऊक नसते, माणसांना मात्र ते कळते आणि त्यानुसार ती आपले वागणे बदलतात. संस्थेच्या ट्विनची उपयुक्तता आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी बहुतांशी याच फरकातून निर्माण होतात.

संज्ञेचा उगम

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये उत्पादनाच्या संपूर्ण जीवनचक्राच्या व्यवस्थापनासंबंधी एक संकल्पना मांडली. तीत तीन घटक होते: प्रत्यक्ष वस्तू, तिची संगणकातील प्रतिकृती आणि या दोहोंमध्ये वाहणारी माहिती. ‘डिजिटल ट्विन’ हे नाव त्या वेळी वापरले गेले नव्हते. त्याचे श्रेय नासाचे जॉन व्हिकर्स यांना दिले जाते आणि २०१० च्या सुमारास नासाच्या तंत्रज्ञान-आराखड्यात ते आढळते.

पुढे हा शब्द इतका सैलपणे वापरला जाऊ लागला की साध्या त्रिमितीय चित्रालाही ट्विन म्हटले जाऊ लागले. वर्नर क्रित्झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये विदेच्या प्रवाहाच्या निकषावर तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. विदा दोन्ही बाजूंना हाताने भरली जात असेल तर ते केवळ डिजिटल प्रतिमान. प्रत्यक्ष वस्तूकडून प्रतिकृतीकडे विदा आपोआप येत असेल, पण उलट दिशेने काही जात नसेल, तर ती डिजिटल सावली. दोन्ही दिशांचा प्रवाह स्वयंचलित असेल तरच ते डिजिटल ट्विन. हा निकष काटेकोरपणे लावल्यास संस्थांची बहुतेक तथाकथित ट्विन्स सावलीच्या पायरीवरच थांबतात, कारण संगणकाने सुचवलेला बदल माणसाच्या संमतीवाचून संस्थेत लागू होत नाही. ही उणीव मानावी की शहाणपण, हा प्रश्न वेगळा आहे. नोकरभरती, बदल्या किंवा रुग्णांचा प्राधान्यक्रम यांसारख्या बाबींत मधे माणूस असणे बहुधा इष्टच ठरते.

‘संस्थेचे डिजिटल ट्विन’ ही स्वतंत्र संज्ञा गार्टनर या सल्लागार संस्थेने प्रचलित केली.

पूर्वपीठिका

डिजिटल ट्विनच्या इतिहासात अपोलो-१३ मोहिमेचा उल्लेख हटकून येतो. एप्रिल १९७० मध्ये या यानातील प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला, तेव्हा पृथ्वीवरील प्रशिक्षण-सिम्युलेटर यानाच्या बदललेल्या स्थितीनुसार जुळवून घेण्यात आले. अत्यल्प विजेत मुख्य कक्ष पुन्हा कोणत्या क्रमाने सुरू करावा, हे अंतराळवीर केन मॅटिंग्ली आणि इतरांनी जमिनीवर पडताळून यानाला कळवले. ते सिम्युलेटर डिजिटल ट्विन नव्हते असा आक्षेप घेतला जातो आणि तांत्रिकदृष्ट्या तो योग्य आहे. ‘आधी प्रतिकृतीवर, मग प्रत्यक्षात’ ही कार्यपद्धती मात्र तीच होती.

संस्थांच्या दृष्टीने पाहता यापेक्षा महत्त्वाचा पूर्वज म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जे फॉरेस्टर यांचे कार्य. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतील घरगुती उपकरणांच्या कारखान्यांपुढे एक कोडे होते. काही वर्षे कामगारांना जादा पाळ्या कराव्या लागत आणि नंतरच्या काही वर्षांत त्यांतील अनेकांना कामावरून कमी करावे लागे. याचे कारण बाजारातील तेजी-मंदी आहे असे व्यवस्थापनाला वाटत होते. फॉरेस्टर यांनी कंपनीचे साठा ठेवण्याचे आणि नोकरभरतीचे नियम विचारून घेतले आणि कागद-पेन्सिलीने आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब मांडला. बाहेरची मागणी स्थिर धरली तरी केवळ कंपनीच्या स्वतःच्या नियमांमुळे हे हेलकावे निर्माण होतात, असे त्यांना दिसले. दोष बाजाराचा नसून घरचाच होता. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या ग्रंथातून ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ ही शाखा उभी राहिली. संस्थेच्या प्रतिमानाकडून काय मिळू शकते याचे हे अजूनही उत्तम उदाहरण आहे.

दुसरा प्रयोग चिलीतील. साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारने अनेक उद्योगांचे राष्ट्रीयीकरण केले होते. त्यांच्या व्यवस्थापनासाठी फर्नांदो फ्लोरेस यांनी १९७१ मध्ये ब्रिटिश सायबरनेटिक्स-तज्ज्ञ स्टॅफर्ड बिअर यांना बोलावले. ‘सायबरसिन’ नावाच्या या प्रकल्पात कारखान्यांतील आकडे टेलेक्सद्वारे राजधानी सांतियागोला येत, संगणक त्यांतील असामान्य चढउतार हेरत असे आणि धोरणांचे परिणाम अजमावण्यासाठी अर्थव्यवस्थेचे एक सिम्युलेटरही तयार केले जात होते. ऑक्टोबर १९७२ मधील वाहतूकदारांच्या संपात टेलेक्सच्या जाळ्याचा सरकारला मोठा उपयोग झाला. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर प्रकल्प संपुष्टात आला. कारखान्यातील कामगारांना स्वायत्तता देण्यासाठी उभारलेली व्यवस्था केंद्राला पाळत ठेवण्यासाठीही वापरता येईल, ही टीका त्या काळीच झाली होती. आजच्या ट्विन्सबाबतचा वाद जवळजवळ त्याच शब्दांत चालतो.

रचना

संस्थेचे ट्विन घडवताना पहिला प्रश्न असतो तो काम प्रत्यक्षात कसे चालते हा. कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत लिहिलेला मार्ग आणि कागदाने प्रत्यक्षात घेतलेला मार्ग यांत बरेच अंतर असते. ते शोधण्यासाठी ‘प्रक्रिया-उत्खनन’ (प्रोसेस मायनिंग) ही पद्धत वापरतात. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन तंत्रज्ञान विद्यापीठात विल व्हान डर आल्स्ट यांनी तिचा पाया घातला. या पद्धतीला प्रत्येक नोंदीत किमान तीन गोष्टी लागतात: प्रकरण कोणते, त्यावर कोणती कृती झाली आणि ती केव्हा झाली. सरकारी कचेरीतील आवक-जावक नोंदवही ही अशा नोंदींचे कागदी रूपच आहे. नस्ती कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर केव्हा गेली, कोठे अडकली आणि किती वेळा शेरा मारून परत आली, हे तीतून वाचता येते. इलेक्ट्रॉनिक नस्तीप्रणालीत हीच नोंद आपोआप होते आणि हजारो प्रकरणांच्या नोंदी एकत्र केल्यावर कामाचा खरा नकाशा उमटतो.

पण नोंदीत फक्त नोंदलेलेच असते. नस्ती पुढे सरकावी म्हणून केलेला दूरध्वनी, अनुभवी कारकुनाने तोंडी दिलेला सल्ला किंवा काम आधी उरकून नोंद नंतर करण्याची सवय यांचा तेथे मागमूस नसतो. म्हणून केवळ नोंदींवर उभारलेले ट्विन संस्थेचे नव्हे, तर तिच्या दप्तराचे ट्विन होण्याचा धोका असतो. कर्मचाऱ्यांशी बोलणे आणि काम चालताना पाहणे याला पर्याय नाही.

दुसरा प्रश्न भविष्याचा असतो. ‘असे केले तर काय होईल’ याचे उत्तर मिळण्यासाठी प्रतिमान पुढच्या काळात चालवून पाहावे लागते. यासाठी सिस्टिम डायनॅमिक्स, रांगेतील घटनांचे एकेक करून सिम्युलेशन आणि कर्त्यांवर आधारित सिम्युलेशन अशा पद्धती आहेत. तिसऱ्या पद्धतीत प्रत्येक व्यक्ती वा विभाग हा आपापली स्थिती, उद्दिष्टे आणि वागण्याचे नियम असलेला स्वतंत्र कर्ता मानला जातो आणि संस्थेचे एकूण वर्तन या कर्त्यांच्या देवघेवीतून आपोआप घडू दिले जाते. केवळ सद्यःस्थितीचे आकडे व आलेख दाखवणारा डॅशबोर्ड ट्विन ठरत नाही, कारण त्याला ‘तर’ हा प्रश्न विचारता येत नाही.

कोणत्याही व्यवस्थेचे उत्तम नियंत्रण करणाऱ्याजवळ त्या व्यवस्थेचे प्रतिमान असावेच लागते, असे रॉजर कोनन्ट आणि रॉस अ‍ॅश्बी यांनी १९७० मध्ये गणिती रूपात मांडले. प्रत्येक व्यवस्थापकाच्या डोक्यात संस्थेचे असे प्रतिमान असतेच. ट्विनमुळे ते डोक्याबाहेर येते आणि इतरांनाही त्यावर बोट ठेवता येते.

एक उदाहरण: केसपेपरची खिडकी

सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील केसपेपरच्या खिडकीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. एका केसपेपरला सरासरी ६ मिनिटे लागतात. म्हणजे खिडकी तासाला १० रुग्णांचे काम करू शकते. तासाला सरासरी ८ रुग्ण येत असतील तर खिडकी पुरेशी आहे असे वाटते. रुग्ण ठरावीक अंतराने न येता कसेही येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असतो, असे धरून रांगेच्या प्रचलित सूत्राने हिशेब केला तर सरासरी प्रतीक्षा २४ मिनिटे येते. रुग्ण तासाला ९ झाले की ती ५४ मिनिटे होते आणि साडेनऊ झाले की १ तास ५४ मिनिटे. रुग्णसंख्या आठवरून नऊवर जाणे ही साडेबारा टक्क्यांची वाढ. प्रतीक्षा मात्र दुपटीहून अधिक वाढते. अंतर्ज्ञान येथे हमखास चुकते. ‘थोडी गर्दी वाढली आहे, कर्मचाऱ्यांनी जरा हात चालवावा’ हा निष्कर्ष त्यातूनच निघतो.

आता तासाला ९ रुग्ण असताना तशीच दुसरी खिडकी उघडली आणि दोन्ही खिडक्यांसाठी एकच रांग ठेवली, तर सरासरी प्रतीक्षा सुमारे दीड मिनिटावर येते. हा हिशेब करण्यासाठी ट्विनची गरज नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एर्लांग यांनी १९०९ पासून या शास्त्राचा पाया घातला आहे आणि सूत्र कागदावरही सोडवता येते. ट्विनची गरज लागते ती पुढे. सूत्रात रुग्ण दिवसभर एकाच सरासरीने येतात. प्रत्यक्षात सकाळची एसटी येऊन थांबली की एकदम वीसजण उतरतात. दुसऱ्या खिडकीमुळे केसपेपरची रांग संपते, पण तीच माणसे डॉक्टरांच्या दारापुढे आणि तेथून औषधांच्या खिडकीपुढे उभी राहतात. दुसरी खिडकी चालवण्यासाठी कोणाला तरी दुसऱ्या टेबलावरून उठवावे लागते, तेथे काय होते तेही पाहावे लागते. आणि प्रतीक्षा कमी झाल्याची वार्ता पसरली की आजवर गर्दीला कंटाळून न येणारे रुग्णही येऊ लागतात. या सगळ्याचा एकत्र विचार कोणत्याही एका सूत्रात मावत नाही.

डब्लिनमधील मेटर प्रायव्हेट हॉस्पिटलने आपल्या क्ष-किरण व स्कॅन विभागाची पुनर्रचना करण्यापूर्वी सीमेन्स हेल्थिनीअर्सच्या साहाय्याने त्या विभागाचे डिजिटल ट्विन तयार करवून घेतले होते. यंत्रांची संख्या, कर्मचाऱ्यांच्या वेळा आणि खोल्यांची मांडणी यांचे वेगवेगळे पर्याय बांधकामाआधी त्यावर तपासण्यात आले.

पुण्यातील संशोधन

संस्थांच्या डिजिटल ट्विनवरील उल्लेखनीय संशोधन पुण्यात झाले आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात (स्थापना १९८१) विनय कुलकर्णी, सौविक बारात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोनी क्लार्क व बलबीर बार्न या ब्रिटनमधील संशोधकांसह संस्थांच्या सिम्युलेशनसाठी कर्त्यांवर आधारित एक संगणकभाषा विकसित केली. मोठ्या संस्थेबद्दलची माहिती नेहमीच अपुरी व अनिश्चित असते आणि तिचे विविध भाग आपापल्या बुद्धीने वागतात. म्हणून संपूर्ण संस्थेचे एक समीकरण न मांडता भागांचे वर्तन लिहावे, ही तिच्यामागची भूमिका आहे.

कोविड-१९ च्या साथीत याच गटाने पुणे शहराचे कर्त्यांवर आधारित ट्विन तयार केले. सरसकट टाळेबंदीऐवजी स्थानिक स्वरूपाचे निर्बंध लावले तर काय घडेल, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. घरे, कार्यालये, दुकाने, शाळा, रुग्णालये अशा जागा आणि त्यांत वावरणाऱ्या निरनिराळ्या प्रकारच्या व्यक्ती प्रतिमानात होत्या. साथरोगशास्त्रातील नेहमीची समीकरणे लोकसंख्येला एकजिनसी मानतात, तर येथे कोण कोठे जातो आणि किती जणांना भेटतो यालाच महत्त्व होते. टाळेबंदीचा प्रत्येक दिवस रोजंदारीवरील कुटुंबाची चूल विझवू शकतो आणि ती उठवण्याची घाई रुग्णालयांवरचा भार वाढवू शकते. खऱ्या शहरावर दोन्ही पर्याय करून पाहण्याची मुभा कोणाला नसते.

इतर देशांतील वापर

रॉटरडॅम बंदराने जहाजांची ये-जा, पाण्याची स्थिती आणि हवामान यांची विदा एकत्र आणणारे ट्विन विकसित करण्यास २०१८ च्या सुमारास सुरुवात केली. सिंगापूरने २०१४ मध्ये ‘व्हर्च्युअल सिंगापूर’ हा संपूर्ण नगरराज्याच्या त्रिमितीय प्रतिमानाचा प्रकल्प जाहीर केला. भारतात दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘संगम’ हा पायाभूत सुविधांच्या नियोजनासाठीचा डिजिटल ट्विन उपक्रम घोषित केला.

ब्रिटनचा मार्ग थोडा निराळा होता. तेथे २०१७ मध्ये राष्ट्रीय पायाभूत सुविधा आयोगाने देशव्यापी डिजिटल ट्विनची शिफारस केली. डिसेंबर २०१८ मध्ये केंब्रिज येथील केंद्राने त्यासाठी ‘जेमिनी तत्त्वे’ प्रसिद्ध केली. नऊ तत्त्वांची ही मांडणी उद्देश, विश्वास आणि कार्य या तीन भागांत आहे. ट्विनने लोकहित साधले पाहिजे आणि त्याचा हेतू स्पष्ट असला पाहिजे, ही अट तंत्राच्या आधी ठेवलेली आहे. एकच महाकाय ट्विन न बांधता विविध संस्थांची छोटी ट्विन्स परस्परांना जोडावीत, असेही त्यांत सुचवले आहे.

मर्यादा आणि आक्षेप

ट्विनवर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी लागते. नेहमीची रीत अशी, की ट्विनला मागच्या वर्षीच्या आरंभीची स्थिती द्यायची आणि त्याने काढलेले निष्कर्ष प्रत्यक्ष घडलेल्याशी ताडून पाहायचे. ही कसोटी आवश्यक असली तरी पुरेशी नाही. परस्परविरोधी गृहीतकांवर उभारलेली दोन प्रतिमानेही भूतकाळ सारखाच दाखवू शकतात, आणि निर्णय तर बहुधा पूर्वी न घडलेल्या गोष्टीविषयीच घ्यायचा असतो. त्यामुळे एकच आकडा सांगणाऱ्या ट्विनपेक्षा, कोणते गृहीतक बदलल्यास निष्कर्ष उलटतो हे दाखवणारे ट्विन निर्णयकर्त्याच्या अधिक कामाचे असते. रंगीत, हलत्या त्रिमितीय चित्रांनी ही अनिश्चितता झाकली जाते, हा या क्षेत्रातील गंभीर दोष आहे.

दुसरा आक्षेप मोजमापासंबंधी आहे. एखादे मोजमाप लक्ष्य बनले की ते विश्वासार्ह राहत नाही, हा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. ‘प्रकरण बंद होण्यास लागलेला काळ’ या आकड्यावर ट्विन आधारलेले आहे हे कळताच, अवघड प्रकरणे बंद करून नव्या क्रमांकाने उघडण्याचा मार्ग कर्मचाऱ्यांना सापडतो. ट्विनमध्ये सुधारणा दिसते, अर्जदार मात्र तेथेच असतो.

तिसरा प्रश्न पाळतीचा. कामाचा नकाशा काढणाऱ्या नोंदींवरून कोणता कर्मचारी किती वेळ थांबला हेही कळते. हेतू प्रक्रिया सुधारण्याचा असला तरी तीच विदा शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरता येते. जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या वर्तनावर वा कामगिरीवर लक्ष ठेवू शकणारी तांत्रिक साधने बसवताना कामगार परिषदेला सहनिर्णयाचा अधिकार आहे. युरोपीय संघात मे २०१८ पासून लागू असलेल्या विदा संरक्षण नियमांनुसार, व्यक्तीवर कायदेशीर किंवा तितकाच मोठा परिणाम करणारा निर्णय, काही अपवाद वगळता, केवळ स्वयंचलित प्रक्रियेने घेतला जाऊ नये असा हक्क तिला मिळतो. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये रोजगाराच्या प्रयोजनासाठी विदेचा वापर हा संमतीची आवश्यकता नसलेल्या वैध उपयोगांत गणलेला आहे. त्यामुळे भारतीय संस्थेच्या ट्विनमध्ये कर्मचाऱ्यांची माहिती व्यक्तिनिहाय ठेवायची की एकत्रित स्वरूपात, आणि ती कोणाला पाहता यावी, हे बऱ्याच अंशी संस्थेनेच ट्विन उभारण्यापूर्वी ठरवायचे असते.